रातांब्याच्या बियांतून कोकमतेल: घरच्या गरम प्रेसच्या नोंदी (ठाणे, मे ते जुलै)

११ मे

मामीने कुडाळहून पाठवलेलं पोतं पहाटे साडेपाचला माजिवडा नाक्यावर लक्झरीतून उतरवून घेतलं. आत रातांब्याच्या वाळलेल्या बिया, सहा किलो. बसवाल्याला १५० रुपये दिले, बिया फुकट. आमसुलं घालताना सालींना रसाचे पुट देऊन झाले की खाली ज्या बिया उरतात त्या ह्याच. धुऊन अंगणात टाकतात, कोणी विकत घ्यायला आलं तर देतात, नाही तर माडाच्या मुळात जातात.

बीच्या आत जो मगज असतो त्यात वजनाच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के तेल असतं. तेल म्हणायचं, पण घरात ठेवलं तर ते मेणासारखं घट्ट, चाळीस अंशांच्या आसपास वितळणारं. टाचांच्या भेगांना आई आयुष्यभर हेच लावत आलीय. गावी मगज कुटून पाण्यात उकळतात, वर आलेला थर काढतात आणि थंड होताना मुठीत दाबून अंड्याएवढे गोळे करतात. मामी त्याला मुठेल म्हणते.

मला ते पाण्याशिवाय काढायचंय. दोन गरम प्लेट, मध्ये कापडी पिशवीत मगज, खालून जॅकचा दाब. मामीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मशीन कित्याक होया? टोपात उकळ मरे."

प्रेसची कल्पना माझ्या डोक्यातली नाही. अमेरिकेत ज्या राज्यांत गांजा कायदेशीर आहे तिथे लोक घरी अशाच प्रेसवर त्याची राळ काढतात, रोझिन म्हणतात तिला. कसलंही रसायन वापरायचं नाही, फक्त उष्णता आणि दाब. त्यांचे व्हिडिओ पाहताना वाटलं, हे यंत्र कोकमाला का नको? आपल्याकडे तोच माल काढला तर गाठ थेट १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याशी: झाडापासून वेगळी काढलेली राळ, कच्ची असो की शुद्ध केलेली, कुठल्याही रूपात चरसच. तेव्हा इथून पुढे सगळा विषय रातांब्याचा आहे. हे आत्ताच लिहून ठेवतोय, कारण प्रेसचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला तर पहिला प्रश्न तोच येणार.

१४ मे

बिया फोडण्यात तीन संध्याकाळी गेल्या. टरफल पातळ आहे पण चिवट. हातोडी मारली की मगजासकट चपटं होतं. शेवटी बिया एक दिवस गॅलरीतल्या उन्हात कडक तापवल्या, कापडात गुंडाळून त्यावर जाड लाटणं फिरवलं आणि सुपात पाखडल्या. पाखडणं मला येत नाही, बायकोलाही येत नाही. आईने बसल्या बसल्या सगळं केलं आणि वर दोघांनाही ऐकवलं.

पोत्याच्या तळच्या बियांना कुबट वास होता, फोडल्यावर मगज काळपट. त्या टाकल्या, ७०० ग्रॅम गेल्या. टाकताना जीव खालीवर झाला, पण वासाचा मगज घेतला तर तेलालाही वास येणार. उरलेल्या ५.३ किलो बियांतून ३.१ किलो मगज हाती आला.

१९ मे

नागदेवीला जाऊन दहा टनी बॉटल जॅक (गाडी उचलतात तसला) घेतला, २,४०० रुपये. तिथून चालत लोहार चाळ: १५० वॅटचे चार कार्ट्रिज हीटर, म्हणजे भोकात बसणारे नळीसारखे हीटर (८८०), टेंपरेचर कंट्रोलर, रिले आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) मिळून १,१५०. मस्जिदहून परतीच्या लोकलमध्ये जॅक पिशवीत घेऊन उभा होतो. मुलुंडपर्यंत पिशवीचा एक बंद तुटलेला. पुढच्यांसाठी: जॅक शेवटी घ्या, आधी हलकी खरेदी उरका.

२३ मे

वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात फ्रेम करून घेतली. एमएसचं (साध्या पोलादाचं) १०० × ५० चं सी चॅनेल, चौकट दोन फूट उंच, खाली जॅक, त्यावर सरकणारं टेबल, वरची आडवी पट्टी पक्की. टेबल खाली ओढायला दोन्ही बाजूंना स्प्रिंग. मटेरियल आणि मजुरी धरून ३,१०० झाले.

अॅल्युमिनियमच्या दोन प्लेट, ७५ × १२५ मिमी, एक इंच जाड, शेजारच्या लेथवाल्याकडून (१,३५०, भोकांचे ८०० वेगळे). इथे पहिली चूक झाली. हीटर साडेनऊ मिमीचा. मी घाईत "दहाचं भोक मारा" म्हणालो. सैल बसलेल्या हीटरची उष्णता प्लेटमध्ये जात नाही, तो आतल्या आत तापतो आणि जळतो. पुढे एक हीटर तसाच गेला. बाकीच्या तिघांभोवती अॅल्युमिनियम फॉइलचे वेढे देऊन घट्ट बसवले, चौथा नवीन आणला. भोक मारायच्या आधी हीटर स्वतःच्या हाताने व्हर्नियरवर मोजा, डब्यावरचा आकडा धरू नका.

लेथवाल्याने विचारलंच, "शेठ, काय दाबायचंय यात?" कोकमाच्या बिया म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि "आमच्याकडे शेंगदाण्याचा घाणा आहे," एवढंच बोलून कामाला लागला.

२८ मे

वायरिंग केलं, स्विच टाकला, घरातली वीज गेली. पुन्हा टाकला, पुन्हा गेली. गळती ओळखणारा ब्रेकर पडत होता.

आता एक मूर्खपणा कबूल करायचाय. मी प्लगची अर्थची पिन काढली आणि प्रेस चालवला. चालला! दहा मिनिटांनी फ्रेमला हात लागला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. त्या रात्री प्रेस गॅलरीबाहेर जाण्याचीच वेळ आली होती.

कारण नंतर समजलं. असल्या हीटरमध्ये तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते, ती हवेतली ओल पिते. दुकानात महिनोन्‌महिने पडलेला हीटर म्हणजे ओला हीटर. चारही हीटर काढून ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १२० अंशांवर चार तास ठेवले. मल्टिमीटरने तार आणि बाहेरची नळी यांच्यामधला रोध आधी फारच कमी दाखवत होता, आता मीटरच्या मोजमापाबाहेर गेला. अर्थ पिन परत बसवली, ब्रेकर पडला नाही. अर्थ कधीही काढू नका. ब्रेकर पडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय.

१ जून

पहिला दाब. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडचं जाळीचं कापड (३५० चं मीटरभर) शिवून ५० × १०० मिमीची पिशवी केली, त्यात ६० ग्रॅम अख्खा मगज. प्लेट ४५ अंशांवर. तेल चाळीसला वितळतं तर पंचेचाळीस पुरेत असा माझा हिशेब.

काहीच आलं नाही. अर्धा तास दाबून बटर पेपरवर एक तेलकट डाग पडला. प्लेट ४५ ला असली तरी पिशवीच्या मध्यभागी मगज पस्तिशीतच असणार, आणि अख्ख्या मगजातून तेल बाहेर येईलच कुठून? पेशी फुटायला हव्यात.

२ जून

मगज मिक्सरमधून काढला. मिक्सरने तो इतका बारीक आणि गरम केला की भांड्यात पीनट बटरसारखी पेस्ट झाली. प्लेट ६५ अंशांवर, जॅकचे सहा हात मारले आणि पिशवीची शिवण उसवून सगळी पेस्ट बाजूने पिचकारीसारखी भिंतीवर. गॅलरीच्या भिंतीवरचा तो डाग अजून आहे, पावसाळ्यानंतर रंग काढायचा म्हणतोय.

दोन चुका एकदम. पेस्ट जाळीतून तेलासारखीच निसटते, त्यामुळे गाळायला काही उरतच नाही. आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली की ताण थेट दोऱ्यावर येतो. पिशवी शिवून उलटी करायची, शिवण आत, कोपऱ्यांना दुहेरी टाके.

५ जून

खलबत्ता काढला. जाडा रवा होईल एवढंच कुटलं. पिशवी उलटी, ६५ अंश, सावकाश दाब. ६० ग्रॅमला ७ ग्रॅम तेल! पिवळसर, पातळ, बटर पेपरवर येताच कडांना पांढरं होऊन गोठणारं. आईला दाखवलं. तिने बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला, "हां, हेच," म्हणाली आणि उरलेलं टाचेला लावून टाकलं. त्यामुळे या खेपेचं नेमकं वजन ७ धरा किंवा ६.

दुसऱ्यांदा ९.५ ग्रॅम. म्हणजे सोळा टक्के. मगजात चाळीसच्या वर आहे, मला सोळा मिळतायत.

८ जून

वाया गेलेला दिवस. थर्मोकपलची तार प्लेटच्या भोकातून निसटून बाहेर लोंबत होती आणि मी फोनवर होतो. कंट्रोलरला हवेचं तापमान दिसत होतं, एकतीस-बत्तीस. त्याने हीटर पूर्ण जोराने चालू ठेवले. जळकट वास आला तेव्हा प्लेट हाताच्या थर्मामीटरने १६० दाखवत होती. ६० ग्रॅम मगज करपला, तेल तपकिरी. जॅक आणि गरम टेबलामध्ये मी सागवानी फळी घातली होती उष्णता अडवायला, तीही काळी पडली. शिवाय ती आधीपासूनच एका बाजूने दबून टेबल तिरकं करत होती, ते मला आज दिसलं.

दुरुस्ती: थर्मोकपल आता स्क्रूने आवळलाय. गिझरमध्ये असतो तसला १०० अंशांवर तुटणारा कटआउट हीटरच्या लाइनमध्ये घातला, पन्नास रुपयांचा. फळीच्या जागी हायलमची (राळेत दाबून केलेल्या कडक थरांची) दहा मिमी शीट (२००). ती दबत नाही आणि जॅकपर्यंत उष्णताही जाऊ देत नाही. जॅकमधलं तेल आणि सील तापले तर दाब टिकत नाही. कटआउट पहिल्या दिवशीच घालायला हवा होता.

१२ जून

पाऊस सुरू. गॅलरीत ताडपत्री बांधली, काम थांबलं. त्या वेळात हिशेब केला, जो मेमध्येच करायला हवा होता.

जॅक दहा टनांचा. पिशवीचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर. पूर्ण जोर लावला तरी दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो. आणि मी पूर्ण जोर लावतच नव्हतो, कारण पिशवी फुटायची भीती. राळ काढणाऱ्यांना एवढा दाब भरपूर होतो, कारण त्यांचा माल वरवर चिकटलेला असतो, तापला की वाहतो. तेलबीमधलं तेल पेशींच्या आत बंद असतं, त्याला याच्या दुप्पट तरी हवा. प्रेसचा आराखडा मी दुसऱ्याच कामाचा उचलला होता.

जॅक बदलायची गरज नाही, क्षेत्रफळ कमी करायचं. ५० मिमी व्यासाची नळी घेतली तर क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटर, आणि तोच जॅक दर चौरस सेंटिमीटरला पाचशे किलो देतो. नळीत मगज, वरून दट्ट्या, खाली भोकांची चकती. पिशवी फुटायचा प्रश्नच नाही.

१५ जून

एसएस ३०४ ची नळी, जाडी ३ मिमी. दट्ट्या, दीड मिमीच्या भोकांची चकती, खालच्या प्लेटला तेल वाहून जायला चर. लेथवाल्याने १,४०० घेतले. नळी जरा जाड घ्या असं तो म्हणाला होता. मी स्टील आहे की, म्हटलं.

८० ग्रॅम मगज भरला. पंधराव्या हाताला दट्ट्या अचानक हलका खाली गेला. मला वाटलं तेल सुटलं. नळी मधोमध बेडकाच्या गळ्यासारखी फुगली होती.

पाचशे किलोचा दाब आतून, तीन मिमीची भिंत: स्टीलवर येणारा ताण एसएस ३०४ सहन करतं त्याच्या जवळजवळ दुप्पट येतो. कागदावर दोन ओळींचं गणित. नळी फुगली यात नशीब, फाटली असती तर मी समोरच बसलो होतो. आजपासून प्रेससमोर जाड पॉलिकार्बोनेटचा तुकडा उभा करतो आणि जॅकचा दांडा बाजूने मारतो. दट्ट्या फुगवट्यात अडकला तो काढायला तासभर गेला, मगजही गेला.

२२ जून

किती दाब देतोय हे कळत नाही म्हणून जॅकला गेज बसवायचं ठरवलं. गेज आणि टॅपिंग १,२५०. तळाला भोक पाडताना लोखंडाचा बारीक कीस आत राहिला असावा. जॅक दाब धरेना. पंप केला की काटा चढतो आणि डोळ्यांदेखत उतरतो. उघडून धुतला, तेल बदललं, व्हॉल्व्हची गोळी पुसली. काही उपयोग नाही.

दुसरा जॅक, आणखी २,४००. या वेळी भोक पाडायच्या आधी तो पूर्ण उघडून रिकामा केला, नंतर रॉकेलने धुऊन पुन्हा भरला. हा धरतो. जॅकच्या दांड्याचा व्यास ४० मिमी, म्हणजे गेजवर ८०० किलो प्रति चौ. सेंमी दिसलं की दहा टन. मी ७०० च्या पुढे जात नाही.

आधीचा जॅक गॅलरीच्या कोपऱ्यात आहे, कोणाला व्हॉल्व्ह बसवून घ्यायचा असेल तर घेऊन जा.

२९ जून

नवीन नळी, भिंत १० मिमी, २,९०० रुपये. आता गणित करून घेतली, ताण मर्यादेच्या आत आहे. एवढ्या जाड लोखंडाला प्लेटच्या उष्णतेने गरम व्हायला अर्धा तास लागतो, म्हणून नळी आणि दट्ट्या आधी ओटीजीत ७० अंशांवर ठेवतो.

८० ग्रॅम. चकतीवर जाळीच्या कापडाची गोल चकती, त्यावर मगज, वर पुन्हा कापड. दाब तीन टप्प्यांत: गेजवर २०० ला पाच मिनिटं, ४०० ला दहा, ७०० ला पंधरा. चरातून धार लागली. धारच म्हणायची, दोऱ्याएवढी. २२ ग्रॅम.

घाई करून पहिल्यापासून ७०० दिला तर तेवढ्याच मगजाला १७ ग्रॅमच आले. वरचा थर दबून दगड होतो, आतल्या तेलाला वाटच राहत नाही. सावकाश दिलेला दाब हाच इथे सगळ्यात स्वस्त सुधार आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

४ जुलै

दोन दिवस आकडा घसरतोय. २२, मग १९, मग १८. यंत्रात काही बदल नाही. पेंड हातात घेतली तर ओलसर, रबरासारखी.

मगज स्टीलच्या डब्यात होता, पण झाकण रोज उघडतं आणि ठाण्याचा जुलै म्हणजे मीठही पाणी सोडतं. २० ग्रॅम मगज ओटीजीत १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवला: १७.८ ग्रॅम. म्हणजे अकरा टक्के पाणी. मे महिन्यात मी मोजलंच नव्हतं, तेव्हा उन्हाने ते काम आपोआप केलं होतं.

६० अंशांवर चाळीस मिनिटं पसरून वाळवला, पुन्हा मोजला, सात टक्के. त्या मगजाला ८० ग्रॅममागे २७ ग्रॅम! आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा, आणि यासाठी मी एक रुपयाही खर्च केला नाही. चौदा हजारांचं लोखंड घेऊन बसलो होतो आणि अडत होतं पाण्याशी.

७ जुलै

अति शहाणपणा. सात टक्क्यांना २७ तर चार टक्क्यांना तीस येतील असं वाटून रात्रभर वाळवला. १६ ग्रॅम आले. पेंड भुसभुशीत पूड, हाताला लागताच विस्कटते. गावच्या घाण्यावर तिळावर पाण्याचा शिपका मारतात ते का, याचं उत्तर मला गॅलरीत मिळालं. थोडं पाणी लागतंच, त्याशिवाय पेंड एकजीव होत नाही आणि दाब सगळीकडे पोचत नाही. वाळलेल्या मगजावर पाणी शिंपडून, झाकून, रात्रभर ठेवून तो पुन्हा सातवर आणला.

१० जुलै

पद्धत आता ठरली, इथून पुढे रोजच्या नोंदी करत नाही. मगज जाडा कुटलेला, सात टक्के ओल, नळी आणि प्लेट ७० अंश, टप्प्याटप्प्याने दाब, एकूण अर्धा तास. पेंड काढून खलबत्त्यात फोडायची आणि दुसऱ्यांदा दाबायची. आणखी दोन-तीन ग्रॅम येतात. तेल ज्या वाटीत पडतं ती कोमट पाण्यात ठेवायची, नाहीतर चरातच गोठून बसतं.

एक खेप भरण्यापासून पुसण्यापर्यंत पन्नास मिनिटं. ८० ग्रॅमची. सगळा मगज काढायचा तर किती तास, हे मी मुद्दाम मोजलं नाही.

१३ जुलै

मामीला व्हिडिओ कॉल लावून तिच्या पद्धतीने ५०० ग्रॅम मगज उकळला. कुटून, टोपात चौपट पाणी, मंद आच, दीड तास. "ढवळ नको, वर येवंदे," एवढंच ती मधून मधून सांगत होती. तोवर तिने तिकडे आमटी केली. थर वर आला, पळीने काढला, गार झाल्यावर कडक चकती हातात आली. पुन्हा वितळवून पाणी उडवल्यावर १४० ग्रॅम. अठ्ठावीस टक्के.

माझा प्रेस दोन दाबांत सदतीसपर्यंत जातो, सरासरी चौतीस. शंभर ग्रॅम मगजामागे सहा ग्रॅमचा फरक. टोपाच्या बाजूने: दीड तासात पाचशे ग्रॅम एकदम होतो, तेवढ्यासाठी मला पाच तासांवर लागतात. प्रेसच्या बाजूने: पेंड कोरडी राहते, आठवडाभर झाला तरी वास नाही, उकळलेला चोथा दुसऱ्या दिवशी आंबला आणि फेकावा लागला. तेलाच्या रंगात फरक आहे, प्रेसचं जरा पिवळं, उकळलेलं पांढरं. आईला दोन्ही वाट्या न सांगता दिल्या. तिने उकळलेली उचलली.

१७ जुलै

गाळणी. प्रेसच्या तेलात मगजाचा बारीक गाळ येतो. ६० अंशांच्या पाण्यात बरणी दोन तास उभी ठेवली की तळाला बसतो, मग वरचं मलमलीतून गाळायचं. पहिली बरणी रात्री ओट्यावर तशीच गार होऊ दिली, सकाळी रव्यासारखी दाणेदार. ओठांना लावलं तर खरखर. ती पुन्हा वितळवून, ढवळत ढवळत कोमट केली, लगेच लहान डब्यांत ओतून फ्रिजमध्ये ठेवली. आता गुळगुळीत वडी पडते.

पाणी राहिलं असेल तर वितळवताना तडतड ऐकू येते. ती थांबेपर्यंत आच बंद करू नका.

२१ जुलै

वजनं. ४२० ग्रॅम मगज पिशवीच्या प्रयोगांत गेला, त्यातून जेमतेम ४५ ग्रॅम तेल. २४० ग्रॅम करपण्यात, फुगलेल्या नळीत आणि भिंतीवर. नळीतल्या अठरा खेपांतून ४९० ग्रॅम. उकळून १४०. डब्यात अजून अर्धा किलो मगज आहे, सिलिकाच्या पुड्या टाकून झाकण टेपने बंद केलंय.

किरकोळ खर्च (रिक्षा, स्क्रू, रॉकेल, जळालेला हीटर, कटआउट) ९०० धरला तर बसवाल्याचे १५० सोडून एकूण १९,०८०. त्यात दुसरा जॅक आणि पहिली नळी हे निव्वळ चुकांचे ३,८०० आहेत. प्रेसवर निघालेलं तेल ५३५ ग्रॅम, म्हणजे किलोला पस्तीस हजारांच्या वर पडलं. बायकोने हा आकडा फ्रिजवर चुंबकाखाली लावलाय.

मला पुन्हा करायचं झालं तर गरम प्लेट करणार नाही. नळीभोवती बसणारा बँड हीटर घेईन, वीस टनी जॅक आणि ७० मिमीची नळी. एका खेपेत दुप्पट मगज, दाब तोच. आणि पहिली खरेदी स्वयंपाकघरातला ०.१ ग्रॅमचा काटा, कारण त्याच्याशिवाय ओल कळत नाही.

मामीकडे चार डबे पाठवलेत, दोन प्रेसचे, दोन टोपातले, वर काहीही न लिहिता. जॅक रविवारपर्यंत खालच्या मजल्यावरच्या काकांकडे आहे, त्यांच्या गाडीचं मागचं चाक बसलंय.